रात्री नऊनंतरचा वास

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. वाटी परत द्यायला नाही की पेपर मागायला नाही, नुसत्याच दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, रागावू नकोस हं, पण ती तुझी कुंडी जरा आत घेशील का? लिफ्टचं दार उघडलं की तो वास येतो आणि माझ्या काळजात धस्स होतं. वाटतं, मजल्यावर कुणीतरी गेलं." कुंडी म्हणजे निशिगंधाची, हारवाल्यांकडे ज्याला गुलछडी म्हणतात त्याची. आमच्या पॅसेजच्या खिडकीत दुपारपर्यंत चांगलं ऊन येतं म्हणून मी ती तिथं ठेवलेली, आणि यंदा तिला भरगच्च दांड्या आलेल्या. मी म्हटलं, हो काकू, आत्ताच घेते. घेतलीही, बेडरूमच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. पाच मिनिटांचं काम. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, भाजी चिरताना आठवायचं, रात्री लाईट घालवल्यावर आठवायचं.

काका गेले ते ऐन पावसाळ्यात. मुलगा मेलबर्नला, तो येईपर्यंत थांबायचं ठरलं, त्यामुळं काकांना बर्फाच्या पेटीत हॉलमध्ये ठेवलेलं. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद. येणारा प्रत्येक जण हार घेऊन येत होता, आणि पुण्यात असा हार म्हणजे गुलछडीचाच, पांढरा, जाडजूड, मध्ये कुठेतरी गुलाबाच्या पाकळ्या. पेटीवर जागा उरली नाही तेव्हा हार खुर्चीवर ठेवायला लागले, मग सोफ्याच्या हातावर. ती रात्र मी काकूंबरोबर बसले होते. पहाटेपर्यंत तो वास इतका दाटला की चहाच्या कपातूनही तोच येत होता. मी दुसऱ्या दिवशी घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि माझ्यापुरता तो गेला. त्यांना त्याच हॉलमध्ये राहायचं होतं.

आणि हे फूल त्याबाबतीत खरंच वेगळं आहे. गुलाब खुडला की त्याचा वास हळूहळू उतरणीला लागतो. निशिगंध खुडल्यावरही वास तयार करतच राहतो, तासन्‌तास. फ्रान्समध्ये ग्रास म्हणून अत्तरांचं जुनं गाव आहे, तिथं निशिगंधाचा वास काढायची पद्धतच या स्वभावावर बेतलेली होती. लाकडी चौकटीत काच, काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर, आणि त्यावर ताजी फुलं पसरायची. फुलं रात्रभर वास सोडत राहायची, चरबी तो पीत राहायची, मग जुनी फुलं उचलून नवी पसरायची, असं चरबी वासानं पूर्ण भरेपर्यंत. उकळून अर्क काढायला गेलं तर हा नाजूक वास बिघडतो, म्हणून एवढा खटाटोप. मला हे आधीपासून माहीत होतं, पण काकूंचं वाक्य डोक्यात घोळायला लागल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की त्या रात्री त्या बंद हॉलमध्ये नेमकं तेच चाललेलं. सोफ्याचं कापड, पडदे, काकूंची साडी, सगळं तो वास पीत होतं.

म्हणजे काकूंना होतं ते नुसतं मनाचं म्हणून सोडून देता येत नाही. या वासात काय काय असतं ते पाहिलं तरी कळतं. मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे कंबरदुखीच्या मलमाला जो थंड झणझणीत वास येतो ना, तोच. आणि इंडोल असतं, अगदी थोडं. मोगऱ्यातही असतं. हे इंडोल कुजणाऱ्या गोष्टींच्या वासातही असतं, पण इतकं पातळ झालं की तेच फुलाला गोडवा आणि जडपणा देतं. एकदोन फुलांत तो जडपणा हवाहवासा वाटतो. पन्नास हारांत नाही वाटणार.

माझ्यासाठी मात्र हा वास आधी लग्नाचा आहे.

लहानपणी मे महिन्यात मुंबईला मामाकडे जायचो. घरात लग्न असलं की मामा पहाटे दादरच्या फुलबाजारात निघायचा आणि मी हट्टानं मागे लागायचे. उजाडलेलं नसायचं. पायाखाली ओला चिखल, तुडवलेली पानं, झेंडूच्या पाकळ्या, ओल्या गोणपाटाचा वास, चहाचा वास, आणि या सगळ्यावर गुलछडी. ढीगच्या ढीग, किलोवर विकायला. सगळ्या कळ्याच, कारण हारासाठी ती उमलायच्या आधी खुडतात, म्हणजे ओवताना मोडत नाही आणि संध्याकाळपर्यंत टिकते. मामा ओंजळभर कळ्या उचलून माझ्या नाकाशी धरायचा. मग दुपारी त्याच कळ्या मावशीच्या वेणीत दिसायच्या, मुंडावळ्यांत दिसायच्या, आणि रात्री रिसेप्शनला स्टेजच्या मागं त्या उमलून इतका वास सोडायच्या की फोटोला उभं राहिलेल्या नवरीलाही शिंका यायच्या. मामा नंतर गेला तेव्हा त्यालाही गुलछडीचाच हार होता. मला तेव्हा तो वास नकोसा नाही झाला. का नाही झाला ते सांगता येत नाही. कदाचित माझ्याकडे आधीचा साठा जास्त होता.

पण बाजारातला वास आणि झाडावरचा वास यात फार फरक आहे, आणि हे मी कुंडीत निशिगंध लावेपर्यंत मला माहीतच नव्हतं. झाडावर दिवसा जवळजवळ काही नसतं. नाक लावलं तर हिरवट, थोडं काकडीसारखं. पात गवतासारखी, खाली वाकलेली, तीत काही बघण्यासारखं नाही. त्या पातीतून एक दांडी सरळ वर येते, गुडघ्याच्या वर, कधी कमरेपर्यंत, आणि तिच्या टोकाला कळ्या जोडीजोडीनं. त्या खालून वर उमलत जातात. आज खालची जोडी, उद्या तिच्या वरची, त्यामुळं एक दांडी बरेच दिवस पुरते. माझ्याकडची जात प्रज्वल आहे, बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी अनुसंधान संस्था आहे तिथली. तिच्या कळीच्या टोकाला फिकट गुलाबी झाक असते, अगदी नखाखाली दिसते तेवढीच, आणि उमलली की ती झाक आतल्या पांढऱ्यात हरवते. पाकळ्या सहा, जाड, मेणचट. बोटाला थंड लागतात.

साडेसात-आठला एक हलकी झुळूक येते, येते न येते अशी. नऊनंतर मात्र खरी सुरुवात होते आणि ती एकसारखी येत नाही. बाल्कनीत उभं राहिलं की काहीच नसतं, आपण वळून आत जायला लागावं आणि मागून एकदम अंगावर यावं. वाऱ्याबरोबर तुकड्यातुकड्यानं. मध्ये मोकळी जागा असते, श्वास घ्यायला. हारात ती मोकळी जागा नसते.

एकदा साडेनऊच्या सुमाराला मी दिवा न लावता बसले होते तेव्हा एक पतंग आला. आपला दिव्यावर धडकणारा नाही, मोठा, राखाडी, अंगानं गुबगुबीत, हॉक मॉथ म्हणतात त्यातला. तो फुलावर बसलाच नाही. फुलासमोर हवेत तरंगत राहिला, पंख दिसतच नव्हते, नुसती धूसर हालचाल, आणि लांब सोंड नळीत आत. एका फुलातून दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि गेला. तेव्हा त्या फुलाची सगळी घडण एकदम पटली. लांब वाकडी नळी, अंधारात दिसेल असा पांढरा रंग, रात्रीच सुटणारा वास. हे सगळं कुणासाठी तरी मांडून ठेवलेलं आहे, आणि ते कुणीतरी आपण नाही, लग्नवाले नाही आणि मयतवालेही नाही. मला त्या रात्री या विचारानं फार हलकं वाटलेलं.

तसं हे झाड मूळचं आपलं नाहीच. मेक्सिकोचं. स्पॅनिश लोक तिथं पोचायच्या कितीतरी आधी अ‍ॅझ्टेक लोक ते लावत होते, मग ते युरोपात गेलं आणि तिथून फिरत इकडे आलं. रानात आपोआप उगवलेलं आता सापडत नाही असं म्हणतात, म्हणजे इतकी शतकं ते माणसांच्या हातांनीच एका मातीतून दुसऱ्या मातीत जात आलंय. त्याचं शास्त्रीय नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1753 मध्ये ठेवलं ते पॉलिअँथेस ट्यूबरोसा, आणि अडीचशेपेक्षा जास्त वर्षं तेच चाललं. 2017 मध्ये मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते अगावे या प्रजातीत हलवलं, आता ते अगावे अमिका. अगावे म्हणजे आपला घायपात! रेल्वेच्या कडेला, माळावर, शेताच्या बांधाला काटेरी भाल्यांसारखी पानं घेऊन उभा असतो तो, ज्याचे दोर वळतात. मला हे वाचून आधी पटेना. एवढं नाजूक सुवासिक फूल आणि तो घायपात, एका घरातले?

पण कंद उकरून बघितलं की पटतं. घायपात वर्षानुवर्षं नुसता पानं काढत बसतो, मग एकदाच खांबाएवढा दांडा वर काढतो, फुलतो आणि मरतो, मागं बाळं ठेवून. निशिगंधाचंही कंदापुरतं तसंच आहे. जो कंद फुलला तो परत फुलत नाही. पुढच्या वर्षीची दांडी त्याच्या भोवतीच्या पिल्लांमधून येते. त्यामुळं लोक म्हणतात ना, "पहिल्या वर्षी छान आला, मग नुसती पात", त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कुंडीत पिल्लांची इतकी गर्दी होते की कुणालाच पोसायला माती उरत नाही. ती काढायला पाहिजेत, मोठी निवडायला पाहिजेत आणि मोकळी लावायला पाहिजेत.

मी हे काम थंडी सरली की करते. जानेवारीपासून पाणी कमी करत आणायचं, पात पिवळी पडू द्यायची, मग कुंडी सरळ वर्तमानपत्रावर पालथी घालायची. लसणाच्या गड्ड्यासारखा गच्च गोळा निघतो, मुळ्या गुंतलेल्या, मातीला गोडसर थंड वास. हातानं सोडवायचे, सुरी शक्यतो नको. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे, टणक, टोकदार असतील ते फुलणारे. बारीक असतील ते वेगळ्या कुंडीत, त्यांना एखादं वर्ष वाढू द्यायचं. मऊ लागला किंवा बुडाशी काळा दिसला तर सरळ टाकून द्यायचा, माया करायची नाही. मग महिनाभर सावलीत टोपलीत पसरून ठेवायचे. हा आराम फार महत्त्वाचा आहे, त्याच्याशिवाय लावले तर उगवतात पण फुलायचं मनावर घेत नाहीत. एप्रिलच्या आसपास लावायचे. बारा इंची कुंडीत तीन, फार तर चार. तळाला विटांचे तुकडे, लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, आणि मूठभर वाळू, कारण पाणी साचलं की कंद सडलाच. कंदाच्या टोकावर जेमतेम माती यावी इतकंच खोल. एकदा भरपूर पाणी, आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता. पात वाढायला लागली की मात्र त्याला भूक भयंकर असते, आणि ऊन हवंच, पाच-सहा तास तरी. अर्धवट सावलीत हिरवीगार पात मिळते आणि वास शेजारच्या बिल्डिंगमधून येतो. लावल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांनी दांडी दिसायला लागते, म्हणजे पाऊस चांगला स्थिरावलेला असतो तेव्हा. खाली सोसायटीच्या बागेत लावले होते त्यांचं मात्र घुशीनं भलं केलं नाही, एकाआड एक कंद कुरतडलेला. कुंडी बरी.

भाची न्यू जर्सीला असते, तिचं वेगळंच. तिला आपलं घर आठवतं ते या वासानं, आणि इथून कंद नेता येत नाहीत, विमानतळावर झाडामातीचे नियम कडक, म्हणून तिनं तिथल्याच गार्डन सेंटरमधून आणले. तिकडे जमीन गोठते. गोठलेल्या जमिनीत हा कंद जगत नाही, त्यामुळं मे महिन्यात दंव पडायचं थांबलं की लावायचे आणि ऑक्टोबरमध्ये थंडी पोचायच्या आत उकरून बेसमेंटमध्ये खोक्यात ठेवायचे. आपल्याकडे झोपवायला पाणी तोडावं लागतं, तिकडे थंडीच झोपवते. तिला मिळाली ती डबल जात, म्हणजे एका फुलात पाकळ्यांचे बरेच थर असलेली, द पर्ल नावाची, तिकडची जुनी प्रसिद्ध. ती उशिरा दांडी काढते. सप्टेंबर उलटला, रात्री गार व्हायला लागल्या, आणि कळ्या गच्च मिटलेल्याच राहून तपकिरी पडल्या. व्हिडिओ कॉलवर तिनं ती दांडी कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, "मावशी, वासच नाही गं." मला इतकं वाईट वाटलं. पुढच्या वर्षी मी तिला सांगितलं की मार्चमध्येच घरात, उबेला, खिडकीशी कुंडीत लावून ठेव, मेपर्यंत पात वाढलेली असेल आणि मग बाहेर काढ. ते जमलं. ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला, फोटो नव्हता, नुसतं "आला!!" एवढंच.

माझं माहेर देवरुखचं, आणि खरं सांगायचं तर तिथं घरात निशिगंध नव्हताच. तिथं सोनटक्का. न्हाणीघरामागं जिथं पाणी वाहत जायचं तिथं त्याचं रान माजलेलं, आल्या-हळदीचा भाऊबंद असल्यामुळं त्याला ओल हवी, जितकी द्याल तितकी कमी. श्रावणात संध्याकाळी फुलं उमलायची, पांढरी फुलपाखरं बसल्यासारखी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मलूल. आजी सकाळी सकाळी खुडायची, देवाला आणि उरलेली आम्हा मुलींना. आणि अंगणाच्या कडेला भुईचाफा. तो तर चमत्कारच. वर्षभर आपण त्या जागेवरून चालत असतो, वैशाखात जमीन तापून भेगाळलेली, पानाचा पत्ता नाही, आणि एका सकाळी मातीतून सरळ फूलच. जांभळं-पांढरं, जमिनीला टेकलेलं, वास घ्यायचा तर गुडघ्यावर बसून वाकायला लागतं. पानं नंतर, पाऊस पडल्यावर. आजी त्या जागेभोवती चार दगड मांडून ठेवायची, कुणाचा पाय पडू नये म्हणून, आणि ते दगड वर्षभर रिकाम्या जमिनीची राखण करत बसायचे. ते घर आता विकलंय. नवीन लोकांनी अंगणाला फरशी केली असं ऐकलं. भुईचाफ्याचे गड्डे मी त्याआधीच एका गोणीत आणले होते, ते माझ्या पसरट कुंडीत आहेत, पुण्याच्या उन्हात दरवर्षी फुलतातच असं नाही.

काकूंना मी निशिगंधाबद्दल काही पटवायला गेले नाही. मनात बरंच तयार होतं, पतंगाचं, दिवसा वास नसतो त्याचं, आणि एकदा रात्री बाल्कनीत येऊन बसा म्हणायचंही मनात होतं. पण ज्या बाईनं तो वास श्वासाश्वासात घेत एक अख्खी रात्र काढली तिला मी काय सांगणार होते? दोन दिवसांनी त्या भाजी घेऊन वर येताना भेटल्या, तेव्हा आपोआप विषय निघाला आणि मी म्हटलं, त्या खिडकीत आता सोनटक्का ठेवू का, थोडं पाणी जास्त घालावं लागेल इतकंच. त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "आमच्या मिरजेच्या घरी होता. विहिरीपाशी. आई माळायची." मग म्हणाल्या, "ठेव की." मला बरं वाटलं, आणि खरं सांगते, थोडं लागलंही. माझा निशिगंध तिथून कायमचा गेला ना. तो बेडरूमच्या बाल्कनीत तसा मजेत आहे, ऊन जरा कमी पडतं त्याला. पण आमच्या जिन्यात रात्री उशिरा कामावरून येणारी जी मुलं आहेत, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात ती, त्यातला एक जण मला विचारून गेला की ताई तो वास कुठं गेला. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही, म्हटलं, थांब, तुला कंदच देते.

तर यंदा कंद वाटायची यादी मोठी आहे. त्या मुलाला तीन, ऑफिसमधल्या दोघींना, नणंदेला साताऱ्याला जमिनीत लावायला चांगले पंधरा-वीस. नणंदेला डबल हवाय. तिचं म्हणणं, डबलची दांडी फुलदाणीत भरघोस दिसते आणि सिंगल बिचारी दिसते, आणि दिसण्यापुरतं ते बरोबरच आहे, बुके करणारे उगाच डबल घेत नाहीत. आमचा यावर फोनवर अर्धा तास वाद झाला. पण अत्तरासाठी आणि हारासाठी कायम सिंगलच लावत आलेत त्याला कारण आहे, वास तिच्यात जास्त आहे. पाकळ्या मोजायच्या असतील तर डबल लावा. रात्री दिवा बंद करून बसायचं असेल तर सिंगल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी बघा, नाहीतर प्रज्वल, आणि कंद घेताना दाबून बघा. नणंदेला मी पंधरा सिंगल पाठवणार आहे, आणि तिचं मन राखायला पाच डबल.